इंजिन बंद आहे, तरीही

गॅरेजमध्ये कोणाचे बोट गेले, तोंड भाजले किंवा जॅकवरची गाडी अंगावर आली, की कारण एका वाक्यात सांगून मोकळे होता येते : लक्ष नव्हते. मालक तेच म्हणतो, शेजारचा वेल्डर तेच म्हणतो आणि हाताला पट्टी बांधून बसलेला कारागीरही मान खाली घालून तेच म्हणतो. हे स्पष्टीकरण सगळ्यांच्या सोयीचे आहे, कारण त्यातून कोणालाच काही बदलावे लागत नाही. पुढच्या वेळी लक्ष द्यायचे, एवढेच ठरते. पण सकाळी नऊ ते रात्री नऊ, कंप्रेसरच्या आवाजात, पत्र्याच्या छपराखाली, एकाच वेळी चार गाड्या उघडलेल्या असताना माणसाचे लक्ष अखंड टिकेल, हे गृहीत धरणारी सुरक्षितता मुळातच कच्ची आहे. दुरुस्तीच्या कामातला मोठा धोका थांबलेल्या इंजिनात साठून राहिलेल्या ताकदीचा असतो. ती उष्णता असेल, दाब असेल, स्प्रिंगचा ताण असेल, वजन असेल किंवा वीज असेल. हात घालण्याआधी ती काढून टाकली, तर लक्ष उडाले तरी सहसा निभावते. काढून टाकायला मात्र वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, आणि खरे दुखणे तिथे आहे.

रेडिएटरचे झाकण हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना उकळते. पण झाकणाची स्प्रिंग आतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक बारने जास्त राहू देते आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. घाट चढून आलेल्या गाडीत ११० अंशांचे पाणी शांत असते. ना खळखळ, ना वाफ. झाकण फिरवले की दाब क्षणात जातो आणि त्या पाण्याला १०० अंशांवर यावेच लागते. वरच्या दहा अंशांची उष्णता मग त्यातल्या थोड्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. निव्वळ पाण्याचा हिशेब मांडला, तर दर लिटरमागे वीसेक ग्रॅमदेखील वाफ होत नाही. पण तेवढ्या पाण्याची वाफ तीस लिटरच्या घरात जागा मागते, आणि बाहेर पडताना उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन येते. झाकणावर ओले पोते टाकून ते हळूच फिरवणाऱ्या कारागिराकडे लक्षही असते आणि कौशल्यही असते. तरी तो ताकद तशीच ठेवून तिच्याशी वाटाघाटी करतो आहे. अर्धा-पाऊण तास थांबला असता, वरची रबरी नळी दाबून ती मऊ लागते का हे पाहिले असते, तर वाटाघाटी करायची वेळच आली नसती.

बॅटरीचेही तसेच. बारा व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून तिला कोणी भीत नाही. पण तिचा आतला विरोध इतका कमी असतो की दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो, पाना लाल होतो, आणि बोटात अंगठी असेल तर अंगठी. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगी पुरते. निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी जोडायची, हा नियम बहुतेक पोरे पाठ करतात. त्यामागचे कारण त्यांना क्वचितच सांगितले जाते. बहुतेक गाड्यांची सगळी बॉडीच निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच निघालेली असेल, तर लागूनही काही होत नाही. आपली चूक होणारच, असे धरून रचलेला हा क्रम आहे, आणि म्हणूनच मला तो गॅरेजमधल्या सगळ्या नियमांत शहाणा वाटतो.

हाच विचार पुढे नेला, तर चावीचा प्रश्न येतो. एकाचा हात टायमिंगच्या पट्ट्याजवळ आणि दुसरा सीटवर बसलेला, अशी जोडी कुठल्याही गॅरेजमध्ये दिसते. ‘मार’ आणि ‘मारू नको’ यांतला फरक कंप्रेसरच्या आवाजात विरून जायला कितीसा वेळ लागतो? मोठ्या कारखान्यांत यासाठी कुलपाची पद्धत आहे : ज्याचा हात यंत्रात, त्याचे कुलूप स्विचवर आणि किल्ली त्याच्या खिशात. गॅरेजमध्ये याचा फुकटातला अवतार शक्य आहे. ज्याचा हात इंजिनात, गाडीची चावी त्याच्या खिशात; आणि सेल्फशी संबंध येणारे काम असेल तर निगेटिव्ह काढलेली. पुष्कळ गाड्यांचा रेडिएटरसमोरचा विजेवरचा पंखा चावी काढल्यावरही, पाणी तापलेले असल्यास, आपोआप सुरू होतो. चावी खिशात असूनही बोटे जायची ती अशी. तिथे पुन्हा उपाय निगेटिव्हचाच.

डिझेल इंजिनाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण तिथे जुने कसबच नव्या इंजिनावर उलटते. पंप-नोझलचे काम करणाऱ्यांच्या हातात एक पक्की सवय असते : नोझल टेस्टरवर लावायचे, दांडा मारायचा, फवारा बघायचा. कुठे गळते आहे हे बोट फिरवून शोधायचे. जुन्या नोझलचा उघडण्याचा दाब साधारण दोनशे बारचा, आणि तेवढ्या दाबाची बारीक धारही कातडीतून आत शिरते. १९९७ च्या सुमारास प्रवासी गाड्यांत आलेल्या कॉमन रेल पद्धतीने हा दाब तेराशे, सोळाशे, पुढे दोन हजार बार आणि त्याहून वर नेला. मोटारसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज यावा. या दाबाखाली केसाएवढ्या भेगेतून निघणारी डिझेलची धार दिसतसुद्धा नाही. ती बोटात घुसली, तर वर टाचणी टोचल्यासारखा ठिपका उमटतो. रक्त जेमतेम येते आणि दुखणेही सुरुवातीला थोडेच असते. डिझेल आत मात्र स्नायूंच्या आवरणांतून सरकत तळव्यापर्यंत पोचते, पेशी मारत जाते, आणि काही तासांत बोट सुजून काळे पडू लागते. ही तातडीने शस्त्रक्रिया करण्याची इजा आहे; उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागू शकतो. गॅरेजमध्ये यावर काय होते? हळद लावली जाते, चिंधी बांधली जाते, काम पुढे चालू राहते. दवाखान्यात गेला, तरी ‘काहीतरी टोचलं’ असे सांगितल्याने धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवणी होण्याचा संभव मोठा. ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरसमोर उच्चारणे हाच त्या क्षणी अर्धा उपचार. आणि मूळ उपाय आपला तोच : इंजिन बंद केल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ रेलमधला दाब उतरू द्यायचा, चालू इंजिनावर नळीचे नट ढिले करायचे नाहीत, गळती शोधायला बोटाऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. पुठ्ठा स्पेअर पार्टच्या खोक्यातूनच निघतो, विकत घ्यावा लागत नाही.

वजनाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, पण माणसे चिरडून मरतात ती तिथेच. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. हायड्रॉलिक जॅकचा सगळा भार आतल्या रबरी सीलवर असतो, आणि सील जाताना सांगून जात नाही. खाली घोडी हवी, तीही लोखंडी आणि कठीण जमिनीवर. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे दाबाखाली वाकत नाहीत, सरळ फुटतात. चेनकप्पीला लटकवलेल्या इंजिनाखाली डोके घालून माउंटिंगचा बोल्ट शोधणे हाही त्याच जातीचा प्रकार.

आग मात्र आपल्याकडे हवामानाशी जोडून समजून घ्यावी लागते. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणून पार्ट धुवायला पेट्रोल वापरू नये, रॉकेल किंवा डिझेल घ्यावे, असे सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण रॉकेल आणि डिझेल यांच्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेला किमान ज्वलनबिंदू ३५ अंशांचा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखाली त्याहून अधिक. तिथे दुपारी उघड्या घमेल्यातले रॉकेल पेट्रोलच्या वळणावर गेलेले असू शकते. थंड हवेच्या देशांत लिहिलेली पुस्तके ‘रॉकेल सुरक्षित’ म्हणतात, ती विदर्भातल्या मेमध्ये तशीच्या तशी लागू होत नाहीत. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि गाडीखालच्या खड्ड्यात साचून बसते. त्याच खड्ड्यात साधा बल्ब असलेला हँडलॅम्प घेऊन माणूस उतरतो आणि बल्ब फुटतो. पार्ट धुण्याची जागा खड्ड्यापासून आणि वेल्डिंगपासून लांब ठेवणे, घमेल्याला झाकण असणे, उन्हाळ्यात धुलाई सकाळी उरकणे, यांपैकी कशालाच भांडवल लागत नाही.

आतापर्यंत बोललो ते साठे इंजिनातले. दुसरा साठा कारागिराच्या अंगात होतो, आणि तो गार होईपर्यंत थांबून रिकामा होत नाही. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्यामागे काजळी आहे, असे नोंदवले. पुढे दीडशे वर्षांनी लँकेशरच्या सूतगिरण्यांत, यंत्राच्या खनिज तेलाने कपडे भिजणाऱ्या कामगारांत, तोच रोग त्याच जागी सापडला. इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये काजळीतल्या त्याच जातीची रसायने साठलेली असतात. प्रयोगशाळेत अशा ऑइलने उंदरांच्या कातडीवर गाठी आल्या आहेत. ऑइलने माखलेली चिंधी पँटच्या खिशात खोचून दिवसभर फिरण्याची आपली रीत या माहितीच्या उजेडात पाहावी. हात पेट्रोलने धुण्याचीही. पेट्रोलमधले बेंझिन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पक्के मानले आहे. भारतात पेट्रोलमधल्या बेंझिनवर आता एक टक्क्याची मर्यादा आहे. ती शहराच्या हवेसाठी घातलेली. पेट्रोलमध्ये दिवसातून चार वेळा कोपरापर्यंत हात बुडवणाऱ्याचा विचार करून घातलेली नाही. डिझेलचा धूरही त्याच संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकला.

ब्रेकची धूळ हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. ड्रम काढला की हवा मारायची आणि काळी धूळ उडवायची, हे काम सहसा सर्वांत लहान पोऱ्याकडे येते. जुन्या लायनरांत, क्लच प्लेटांत आणि काही गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. नावाजलेल्या कंपन्यांच्या मालात तो पुष्कळसा गेला आहे, पण भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही, आणि खोक्यावर काहीच छापलेले नसलेल्या स्वस्त मालाबद्दल कोण हमी देणार? त्याचा रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा काम सोडल्यानंतर पंधरा वर्षे, यांतला जो काळ उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितले. तीन गॅरेजे बदलून चौथ्याकडे आलेल्या पोऱ्याची चाळीस वर्षांची नोंद कुठे असते, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे हवा न मारता ओल्या फडक्याने पुसणे, हा एवढाच उपाय त्याच्या हाती राहतो.

कोकणातल्या, घाटमाथ्यावरच्या गॅरेजांना पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. झड आत येते म्हणून शटर अर्धे ओढायचे आणि आत इंजिन चालू ठेवून आवाज ऐकायचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड झाले की ते कामाचा ताण समजून चहा मागवला जातो.

यावर गॅरेजमधून येणारा पहिला आक्षेप ठरलेला : आमच्या वस्तादाने तीस वर्षे पेट्रोलमध्ये हात घातले, त्याला काही झाले नाही. आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. ज्यांचे बोट गेले, ज्यांना खोकला लागला, ते या धंद्यातून बाहेर पडले. कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी परतला. दुकानात उभा राहून तीस वर्षांचा अनुभव सांगायला जो उरतो, तो वाचलेलाच असतो. कर्करोगाने गेलेल्याच्या मरणाचा संबंध त्याने पंचवीस वर्षांपूर्वी उडवलेल्या धुळीशी कोणी लावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हातमोजे, चष्मे, मास्क हे सगळे कागदावर ठीक, त्यांनी काम होत नाही. यातले निम्मे मी मान्य करतो. फिरत्या पट्ट्याजवळ सैल हातमोजा घातलेला हात उघड्या हातापेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण पट्टा मोज्यालाच ओढतो. मेच्या उकाड्यात मास्क तासाभरात गळ्यात येतो. सुरक्षेच्या शास्त्रातही अंगावर चढवायच्या साधनांचा क्रमांक सगळ्यात शेवटचा. आधी धोका काढून टाका, मग बदला, मग अडवा, आणि काहीच जमले नाही तर अंगावर चढवा, अशी ती उतरण आहे. आपल्याकडच्या सुरक्षा सप्ताहांत मात्र वाटप असते ते हातमोज्यांचेच, कारण वाटपाचा फोटो निघतो. दाब उतरेपर्यंत थांबलेल्या कारागिराचा फोटो कोण काढणार? ग्राइंडरसमोर आणि बॅटरीवर वाकताना चष्मा, ऑइल काढताना नायट्राइलचे हातमोजे, एवढे तरी टाळू नये. बाकी भिस्त क्रमावर.

तिसरे म्हणणे, कायदा आहे, तो बघून घेईल. कायदा आहे खरा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दुरुस्ती हीसुद्धा उत्पादनाचीच प्रक्रिया मानली. पण तो लागू होण्याची मूळ मर्यादा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती वीसवर नेली. पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीपर्यंत बहुतांश गॅरेजे चार-पाच माणसांची. ती या जाळ्यातून सहज निसटतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवायला २०१६ पासून बंदी आहे, घरच्या धंद्यातल्या मदतीची पळवाट तेवढी सोडून. तरीही ब्रेकची धूळ उडवणाऱ्या पोऱ्याचे वय विचारायला कोणी जात नाही. आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलेल्या मुलाला सुरक्षेचे धडे शिकवलेले असतात. गॅरेजमध्ये पहिल्या आठवड्यात त्याला ते विसरायला लावले जाते, कारण ते धडे वेळ खातात.

म्हणून गोष्ट पुन्हा वेळेवर येते. लहान गॅरेजमध्ये मजुरी कामावर असते, तासावर नसते. हेड उतरवायचे इतके, क्लच प्लेट बदलायची इतकी. इंजिन गार होईपर्यंत गेलेला अर्धा तास कारागिराच्या खिशातून जातो. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर बंद पडला, की मागे वाळत चाललेला ऊस, मुकादमाचे फोन आणि कारखान्याचा नंबर यांच्या रेट्यात, रात्री मोबाईलच्या उजेडात तापल्या इंजिनावरच पाने लागतात. तिथे ‘सावकाश कर’ म्हणणे ही थट्टा होईल. पण एरवीच्या कामात या वेळेची बरीच भरपाई क्रम बदलून होते. आलेल्या गाडीचे बॉनेट लगेच उघडण्याऐवजी आधी चाके, ब्रेक, वायरिंग पाहावे. इंजिन गार व्हायला दिलेला वेळ तिथेच वसूल होतो. लोखंडी घोड्यांची जोडी एका सर्व्हिसिंगच्या बिलात येते आणि वर्षानुवर्षे टिकते. गरीब गॅरेजला सुरक्षितता परवडत नाही, हे म्हणणे लिफ्ट आणि धूर ओढणाऱ्या यंत्रणेपुरते खरे आहे. चावी, पुठ्ठा, ओले फडके, निगेटिव्ह आणि घोडी यांना ते लागू नाही.

विजेवरच्या गाड्या आल्या की हे सगळे संपेल, अशी आशाही कोणी करू नये. ऑइल जाईल, धूर जाईल. साठलेली ताकद राहील, आणि ती आणखी अबोल होईल. विजेवरच्या मोटारीच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि बॅटरी तोडल्यावरही इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांत ते काही मिनिटे टिकतात. ती मशीन तापत नाही, आवाज करत नाही, वास सोडत नाही. नारिंगी रंगाच्या केबली हीच तिची खूण. बारा व्होल्टवर वाढलेला, अंगाला झटका लागत नाही हे तीस वर्षे शिकलेला हात त्या केबलीवर पडणार आहे. थांबण्याची सवय ज्या गॅरेजने डिझेलवर लावून घेतली नाही, त्याला ती इथे एका दिवसात लागणार नाही.

खंडेनवमीला गॅरेजमधले पाने धुऊन-पुसून, हळद-कुंकू लावून मांडले जातात आणि त्या दिवशी तापल्या गाडीला कोणी हात लावत नाही. उरलेल्या दिवसांत हे कारागिराच्या एकट्याच्या हातात नाही. गाडी टाकणाऱ्याच्याही आहे. घाट उतरून आलेली गाडी समोर उभी करून ‘पटकन बघ रे’ म्हणू नका. चावी त्याच्या हातात द्या आणि चहाला जा. संध्याकाळपर्यंत पाहिजेच, असे बजावण्याआधी कधीपर्यंत होईल ते विचारा. गाडीखाली घोडी लावणाऱ्या गॅरेजची मजुरी शेजाऱ्यापेक्षा शे-दोनशे रुपयांनी जास्त असेल, तर घासाघीस न करता द्या.